सीताफळ : संरचना व बीड जिल्ह्यातील इतिहास

सीताफळ हा ॲनोनेसी कुलातील लहान पानझडी वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव ॲनोना स्क्वॅमोजा असे आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते रूढ केले. स्क्वॅमोजा या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘खवलेदार’ असा असून तो फळाच्या पृष्ठभागास उद्देशून आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात बालाघाट डोंगररांगेच्या उतारांवर, विशेषतः धारूर, आष्टी, पाटोदा व बीड या तालुक्यांत, हा वृक्ष कोणीही न लावता वाढलेला आढळतो. परक्या भूमीतून आलेला मानला जाणारा हा वृक्ष या पर्जन्यछायेच्या प्रदेशात इतका रुळला, याचे कारण बव्हंशी त्याच्या पाने, फुले, फळे व बिया यांच्या रचनेत सापडते.

मूलस्थानाचा वाद : सीताफळ, रामफळ इ. नावांमुळे हे वृक्ष मूळचे भारतीय असावेत, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारहूत येथील स्तूपाच्या शिल्पांतील काही फळे सीताफळाची असल्याचे मत मांडले. याउलट रॉबर्ट ब्राउन व आल्फाँस द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ॲनोना प्रजातीतील बहुतेक जाती अमेरिकेतच वन्य स्थितीत आढळतात, याकडे लक्ष वेधून अमेरिकन मूलस्थानाचा पुरस्कार केला. पोर्तुगीजांच्या काळात हे फळ भारतात आले, हे मत त्यानंतर सर्वसाधारणपणे मान्य झाले. तथापि २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातील तोकवा येथील उत्खननात मिळालेल्या कार्बनीभूत बीचा काळ इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाइतका जुना असल्याचे प्रसिद्ध करण्यात आले. त्यामुळे भारतातील आगमनकाळाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. अमेरिकन मूलस्थानाविषयी मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही.

पाने व कळ्या : पाने साधी, एकाआड एक व लांबट असून देठाचा तळ किंचित फुगीर व आतून पोकळ असतो. पानाच्या बगलेतील कळ्या या पोकळीत झाकलेल्या राहतात. बहुतेक वृक्षांत बगलेतील कळी उघड दिसते. सीताफळात मात्र पान गळून पडल्यावाचून ती बाहेर येत नाही. हिवाळ्याच्या अखेरीपासून पाने झडू लागली की बाष्पोत्सर्जन थांबते व हलक्या, मुरमाड जमिनीतील अल्प ओलावा वृक्षास पुरतो. त्यानंतर नवीन फुटीबरोबर फुले येतात. बागायतदार पाणी तोडून किंवा पाने काढून बहर धरतात, ते याच गुणाच्या आधारे. पानांना उग्र वास व कडवट चव असल्याने शेळ्या व गुरे त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. ज्या चराऊ डोंगरावर इतर रोपे टिकत नाहीत, तेथे सीताफळाची झुडपे दाट वाढतात, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

फुले : फुले हिरवट पिवळी व लोंबती असतात. बाहेरील तीन पाकळ्या जाड व मांसल असून आतील तीन अगदी लहान असतात किंवा नसतातच. मध्यभागी शंकूसारख्या पुष्पस्थलीवर अनेक सुटी किंजदले असतात. प्रत्येकात एकच बीजक असते. त्यांच्याभोवती असंख्य केसरदले दाटीने रचलेली असतात. किंजदले आधी पक्व होतात. त्या वेळी पाकळ्या अर्धवटच उघडतात आणि आत एक लहानसे दालन तयार होते. वासाने आकर्षित झालेले बारीक भुंगेरे त्यात शिरतात. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात, केसरदलांतून पराग सुटतात आणि ते अंगावर घेऊन भुंगेरे दुसऱ्या फुलाकडे जातात. या व्यवस्थेमुळे त्याच फुलात परागण होणे टळते. पण भुंगेरे कमी असल्यास किंवा उष्ण, कोरड्या हवेने किंजल्क वाळल्यास फलधारणा फार थोडी होते. उन्हाळ्यातील पुष्कळशी फुले गळून जातात व पावसाच्या आरंभीच्या दमट हवेतील फुलांना फळे अधिक धरतात, ती यामुळेच.

फळ : सीताफळ हे समुच्चित फळ आहे, म्हणजे एकाच फुलातील अनेक किंजदले पुष्पस्थलीसह एकत्र वाढून ते बनते. पृष्ठभागावरील प्रत्येक उंचवटा हे एक किंजदल होय. त्यालाच व्यवहारात ‘डोळा’ म्हणतात. ज्या बाजूच्या किंजदलांना पराग मिळत नाहीत, ती बाजू खुंटून फळ वाकडे होते. रामफळात किंजदले घट्ट जुळलेली असल्याने साल बरीचशी सपाट असते. सीताफळात ती सैल जुळलेली असून पक्वतेच्या सुमारास एकमेकांपासून दूर होतात व मधल्या खाचा फिकट दिसू लागतात. डोळे उघडले की फळ काढून अढीत घालावे, हा शेतकऱ्यांचा नियम या रचनेवरच आधारलेला आहे. अढीतून पिकलेले फळ थोड्याच दिवसांत मऊ होऊन फुटते. जंगलात पक्ष्यांना, खारींना व वटवाघळांना गर सहज मिळावा व बिया विखुराव्यात, यासाठी हा मऊपणा उपकारक ठरतो; बाजारासाठी तोच सर्वांत मोठा दोष ठरतो.

बिया : बिया काळ्या, चकचकीत व कठीण कवचाच्या असून अखंड गिळल्यास अपाय न करता बाहेर पडतात. आतील गरात मात्र ॲसिटोजेनीन गटातील विषारी द्रव्ये असतात. ती कोशिकांतील श्वसनक्रिया रोखतात. बियांचे चूर्ण उवा मारण्यासाठी वापरीत. ते डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

बीड जिल्ह्यातील लागवड : डोंगरातील फळे वेचून विकणे हे अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांचे पावसाळ्याच्या अखेरीचे हंगामी उत्पन्न राहिले आहे. १९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यावर सीताफळाच्या बागांना चालना मिळाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर–६’ हा वाण निवडून प्रसारित केला. बियांपासून वाढलेल्या डोंगरी झाडांत फळांचा आकार, गराचे प्रमाण व गोडी झाडागणिक भिन्न असते. वाणाची निवड या भिन्नतेतूनच शक्य होते. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले.

कमी बियांच्या व टिकाऊ फळांकडे आता संशोधनाचा कल आहे. स्पेन व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये सीताफळाच्या एका बीजहीन प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीजकाचे बाह्य आवरण घडविणारे एक जनुक त्यात लोप पावलेले असल्याने बीजके खुंटतात, पण गर मात्र वाढतो, असे त्यांना आढळले. खाणाऱ्यास हा लाभ आहे. परंतु असे झाड केवळ कलमानेच टिकते व माणसाच्या मदतीवाचून पसरू शकत नाही. बालाघाटातील सीताफळ याउलट बियांच्या बळावरच पसरले. त्यामुळे बागांतील सुधारित वाणांबरोबरच डोंगरातील आपोआप उगवलेली झाडे राखणे अगत्याचे ठरते. पुढील निवडीसाठी लागणारी विविधता आणि वेचणाऱ्यांचे उत्पन्न ही दोन्ही त्यांच्यावर अवलंबून आहेत.