स्तनाचा कर्करोग: कोणता प्रकार शरीरात कुठे पसरतो?

स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही. गाठीतील पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत, यावर तो पुढे कुठे आणि किती वर्षांनी पसरू शकतो, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. उपचार संपून काही वर्षे लोटल्यावर पाठ दुखू लागली, तर ते दुखणे वयाचे की जुन्या आजाराचे, हे ठरवताना ही माहिती कामी येते.

पसरणे म्हणजे काय?

मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून प्रवास करतात आणि दूरच्या अवयवात रुजतात. याला मेटास्टॅसिस म्हणतात. हाडात पसरलेला स्तनाचा कर्करोग हा ‘हाडांचा कर्करोग’ नसतो. पेशी स्तनाच्याच असतात, म्हणून औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच दिली जातात.

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये या आजाराने मृत्यू झालेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. पेशी वाटेल तिथे रुजत नाहीत, हे त्यांना दिसले. त्यांनी पेशीला बियाण्याची आणि अवयवाला जमिनीची उपमा दिली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पोसते तशी मुरमाड माळावर पोसत नाही, तसेच हे आहे.

प्रकार कसा ओळखतात?

बायोप्सीच्या तुकड्यावर तीन तपासण्या होतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन तपासण्यांवरून गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का ते समजते. हर-टू हे पेशीची वाढ वेगाने घडवणारे प्रथिन आहे. तिन्ही नसतील तर गाठीला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात.

कोणता प्रकार कुठे जातो?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रुग्णांचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील टक्केवारी सर्व रुग्णांची नाही. ज्यांच्यात आजार दूर पसरला होता, फक्त त्यांची आहे.

हार्मोन पॉझिटिव्ह: या गटातील संथ वाढणाऱ्या प्रकारात सुमारे ६७ टक्के जणींच्या हाडांत आजार आढळला, मेंदूत सुमारे ८ टक्के जणींच्या. हा प्रकार पाच वर्षांनंतर, कधी पंधरा-वीस वर्षांनीही उलटू शकतो.

हर-टू पॉझिटिव्ह: हार्मोनचा आधार नसलेल्या हर-टू प्रकारात हाडांबरोबर यकृत (सुमारे ४६ टक्के), फुप्फुसे (४७ टक्के) आणि मेंदू (२९ टक्के) यांतही आजार बराच दिसला. हे रुग्ण ट्रॅस्टुझुमॅब हे औषध रुळण्यापूर्वीचे होते. या औषधाने चित्र पुष्कळ सुधारले आहे; पण ते मेंदूत फारसे पोहोचत नाही, म्हणून मेंदूकडे लक्ष ठेवावे लागते.

ट्रिपल निगेटिव्ह: यातील ‘बेसल’ म्हटल्या जाणाऱ्या गाठींत फुप्फुसे (४३ टक्के) आणि मेंदू (२५ टक्के) यांचे प्रमाण जास्त होते, हाडांचे कमी. हा प्रकार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार वर्षांतच उलटतो. त्यानंतर धोका बराच उतरतो. भारतात या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते.

याशिवाय ‘लोब्युलर’ नावाचा प्रकार कधी कधी पोटाचे आवरण, आतडी किंवा बीजकोश अशा अनपेक्षित जागी जातो.

हा कल आहे, भाकीत नव्हे. ट्रिपल निगेटिव्ह हाडातही जाऊ शकतो, आणि अनेक जणींचा आजार उपचारांनंतर पुन्हा कधीच दिसत नाही.

कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत?

• दोन-तीन आठवडे न थांबणारे, रात्री वाढणारे हाडाचे दुखणे
• हटत नसलेला कोरडा खोकला किंवा धाप
• कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणे, भूक मरणे
• नवी डोकेदुखी व उलट्या, फिट येणे, हात-पाय लुळा पडणे

पाठदुखीसोबत पायांतील ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. मणक्यातील मज्जारज्जू दाबला गेल्यास काही तासांच्या उशिरानेही चालणे कायमचे जाऊ शकते.

लक्षण नसताना मात्र दरवर्षी सर्वांगाचे स्कॅन केल्याने आयुष्य वाढते, असे दिसलेले नाही. ठरलेली तपासणी आणि वर्षाची मॅमोग्राफी पुरेशी असते.

फाइल जपून ठेवा

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे, आणि ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणीही १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. तरी अनेक जणी उपचार पुण्या-मुंबईत घेतात आणि काही वर्षांनी पाठ दुखली की गावातल्या डॉक्टरांकडे जातात. त्यांच्यासमोर जुना रिपोर्ट नसतो, आणि बाईही ‘तो आजार केव्हाच बरा झाला’ म्हणून सांगत नाही. मग मलम आणि वेदनाशामक गोळ्यांत महिने जातात.

म्हणून पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत घरी ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरांना आधी तो दाखवा. नव्या जागी आजार दिसला तर शक्य असल्यास तिथलीही बायोप्सी करतात, कारण काही वेळा पेशींचा प्रकार बदललेला असतो आणि त्याबरोबर औषधही बदलते.