कोसोव्हो : पराभवाचे आख्यान
१३८९ साली कोसोव्होच्या रणांगणावर सर्ब अधिपती लाझार मारला गेला; ऑटोमन सुलतान मुरादही तेथेच पडला. लोकमहाकाव्याने मात्र लाझारला ऐहिक राज्याऐवजी स्वर्गीय राज्य निवडणारा हुतात्मा केले. एकोणिसाव्या शतकात व्हुक काराजिच यांनी ही गीते संकलित केली आणि मौखिक मिथकाला राष्ट्रीय संहितेचे स्थान लाभले. १९८८-८९मध्ये चर्चने लाझारचे अवशेष मठामठांतून दर्शनार्थ फिरवले. मार्च १९८९मध्ये कोसोव्होची स्वायत्तता संकोचली आणि २८ जूनला, लढाईच्या ६००व्या स्मृतिदिनी, कम्युनिस्ट नेते मिलोशेविच यांनी त्याच भूमीवर विराट सभेपुढे भाषण केले. इहवादी सत्तेने श्रद्धा बाजूला ठेवून जखम तेवढी उचलली. अल्बेनियन बहुसंख्याकांचे अधिकार हिरावणारी ही सत्ता स्वतःला पीडित म्हणवू शकली, ती या उसन्या हौतात्म्याच्या बळावर.