आत्तिचूडी

आत्तिचूडी : लहान मुलांना अक्षरओळखीबरोबर नीतीचे पहिले धडे देणारी तमिळ सूत्रमाला. कर्ती अव्वैयार. एकूण सूत्रे १०९. प्रत्येक सूत्र एका ओळीचे, बहुधा दोन-तीन शब्दांचे असून सूत्रांचा क्रम तमिळ वर्णमालेप्रमाणे आहे. शतकानुशतके ओसरीवरच्या शाळांतून पाठ होत आलेली ही रचना आज तमिळनाडूच्या पहिलीच्या तमिळ पुस्तकातही आढळते. बालवयातील नीतिशिक्षण, श्रद्धा आणि देशी परंपरा यांचा मेळ चेन्नईत कसा घातला गेला, हे समजून घ्यायचे तर आत्तिचूडीपासूनच सुरुवात करावी लागते.

नाव व कर्ती : ‘आत्ति’ म्हणजे आपट्याच्या जातीतील फुलझाड. त्याची फुले धारण करणारा तो शिव. आरंभीच्या वंदनात हे शब्द पहिले येतात, म्हणून रचनेलाही तेच नाव पडले. अव्वैयार हे एका व्यक्तीचे नाव नाही; ‘आदरणीय वृद्ध स्त्री’ अशा अर्थाने ते वेगवेगळ्या काळांतील कवयित्रींना लावले गेले. संघकाळातील, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्याच्या काळातील, अव्वैयार ही तगडूरचा (आजचे धर्मपुरी) सरदार अदियमान याच्या स्नेहातील कवयित्री. आत्तिचूडीची कर्ती तिच्या कितीतरी नंतरची, चोळकाळातील. तिचा काळ साधारणपणे बारावे शतक मानतात. लोकमानसात मात्र या सगळ्या एकरूप झाल्या आहेत. तमिळ मुलांच्या लेखी ती हातात काठी घेऊन गावोगाव फिरणारी ‘अव्वै पाट्टी’, म्हणजे अव्वै आजी आहे. कोन्रै वेन्दन, मूदुरै आणि नल्वळी ही मुलांना शिकवली जाणारी आणखी तीन नीतिकाव्ये तिच्याच नावावर आहेत. पैकी कोन्रै वेन्दन या नावातला ‘कोन्रै’ म्हणजे बहावा. त्याचाही संबंध शिवाशीच आहे.

रचना व आशय : तमिळ वर्णमालेत १२ स्वर, १८ व्यंजने आणि ‘आय्दम्’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. पहिली १३ सूत्रे स्वरांची व आय्दमची, पुढची १८ व्यंजनांची आणि त्यानंतर बाराखडीतील निवडक अक्षरांची अशी मांडणी आहे. मूल ‘अ’ गिरवते तेव्हाच सत्कर्माची इच्छा धरावी हे शिकते. ‘आ’ गिरवताना राग शमवायचा असतो हे ऐकते. पुढच्या स्वरांबरोबर देता येण्यासारखे असेल ते लपवू नये, दुसरा देत असेल तर आडवे येऊ नये, आपल्याजवळ काय आहे याचा डंका पिटू नये, अंक आणि अक्षर यांना तुच्छ मानू नये, शिकणे कधी थांबवू नये अशी एकेक गोष्ट येते. आय्दमच्या सूत्रात धान्य मापताना माप मारू नये, असा बाजारातला व्यवहारही येतो.

अव्वैची नीती केवळ मोठ्या तत्त्वांची नाही. शनिवारी अभ्यंगस्नान करावे, पहाटे उठावे, बेताने जेवावे, गोड बोलावे, गरजेपेक्षा मोठे घर बांधू नये, जमीन कसून खावे असे दिवसभराच्या वागण्याचे नियम आई-वडिलांची सेवा आणि कृतज्ञता यांच्याच पंक्तीला बसतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘सदाचार’ ही कल्पना सांगून कळत नाही; अंगाला तेल लावून न्हाणे आणि वाढलेल्यातले थोडे दुसऱ्याला देणे कळते. अव्वैने नीती मुलाच्या हातापायांना कळेल अशा मापात कापली, यातच तिची थोरवी आहे.

‘ङ’ या अक्षराचे सूत्र मुद्दाम पाहण्यासारखे आहे. या अक्षराने सुरू होणारे शब्द तमिळमध्ये जवळजवळ नाहीत. तिथे अव्वैने अक्षरालाच उदाहरण केले आणि त्या अक्षरासारखे वळते व्हावे, असे सांगितले. टीकाकार त्याचा एक अर्थ असा लावतात : ङ च्या बाराखडीत एकटा ‘ङ’ वापरात आहे, पण तो आपल्या निरुपयोगी भावंडांना सोडत नाही, त्यांना धरूनच वर्णमालेत उभा राहतो, माणसानेही आपल्या माणसांना तसेच धरून राहावे. गिरवायला अवघड असे वळणदार अक्षर काढता काढता मुलाला हा धडा मिळतो.

श्रद्धेचे स्थान : आरंभीचे वंदन सोडले तर आत्तिचूडीत संप्रदायाचा आग्रह फारसा नाही. त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांच्या शिक्षकांना ती आपली वाटली. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीला १७०६ मध्ये आलेला जर्मन धर्मोपदेशक बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग याने दोनच वर्षांत कोन्रै वेन्दनसह तीन तमिळ नीतिग्रंथ जर्मन भाषेत उतरवले. पुढे तिथल्याच ख्रिस्तोफ सामुएल योन या धर्मोपदेशकाने अव्वैयारवर लिहिलेला लेख व तिच्या सूत्रांचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापून आले.

श्रद्धा मुलापर्यंत पोहोचते ती सूत्रांपेक्षा गोष्टींतून. अव्वैची सर्वांत लाडकी गोष्ट जांभळाच्या झाडाची आहे. उन्हाने थकलेली आजी झाडाखाली येते. फांदीवर बसलेला गुराखी पोर विचारतो, भाजलेली जांभळे देऊ की न भाजलेली? आजीला हा प्रश्नच वेडगळ वाटतो. ती भाजलेली मागते. पोर फांदी हलवतो, जांभळे वाळूत पडतात. आजी ती उचलून वाळू झटकायला फुंकर घालते, तेव्हा वरून पोर विचारतो, आजी, फार गरम आहेत का? आपण फळ भाजलेले असल्यासारखे फुंकतो आहोत हे तिच्या ध्यानात येते. तो पोर म्हणजे मुरुगन, अर्थात कार्तिकेय. जगाला शहाणपण शिकवणारी म्हातारी एका पोराकडून हार मानते आणि आपले शिकणे संपले नाही हे कबूल करते. विनय शिकवणारी आणि ऐकणाऱ्या मुलाला सन्मान देणारी अशी गोष्ट कोणत्याही भाषेत विरळाच सापडेल. चेन्नईच्या जेमिनी स्टुडिओने १९५३ साली काढलेल्या ‘अव्वैयार’ चित्रपटात के. बी. सुंदरांबाळ यांनी ही आजी उभी केली आणि ती घराघरांत पोहोचली.

ओसरीवरची शाळा : तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणजे घरापुढची ओसरी. तिथे भरणारी ती तिण्णै शाळा. मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवत, पुढे ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लिहीत. धडा मोठ्याने म्हणायचा, पाठ करायचा आणि पुढच्याने मागच्याला सांगायचा, अशी रीत होती. मद्रास प्रांताचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये देशी शाळांची माहिती मागवली. १८२६ च्या त्याच्या टिपणानुसार प्रांतात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी होते. याच पाहणीत बळ्ळारीच्या कलेक्टरने १८२३ मध्ये पाठवलेल्या अहवालात एक रीत नोंदलेली आहे. सकाळी सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, याप्रमाणे पुढे. वक्तशीरपणाचा हा धडा देवीच्या नावाने सुरू होई आणि छडीने संपे. त्या शाळांचे सामर्थ्य आणि त्यांचा कठोरपणा दोन्ही यात दिसतात.

मद्रासच्या एग्मोर भागातील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि तीच रीत आपल्या संस्थेत आणली. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे या तत्त्वावर त्याने आपली पद्धत उभारली आणि १७९७ मध्ये लंडनला तिच्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडभर ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली.

घर, देऊळ आणि सण : चेन्नईत नीतिशिक्षणाचा मोठा भाग आजही शाळेबाहेर होतो. विजयादशमीला विद्यारंभ होतो. ताटात तांदूळ पसरतात, वडील किंवा गुरुजी मुलाला मांडीवर घेऊन त्याची तर्जनी धरतात आणि पहिले अक्षर काढवतात. या दिवशी अनेक शाळांत नवे प्रवेशही दिले जातात. नवरात्रात घरोघरी ‘गोलू’ मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्यांवर देवादिकांच्या, संतांच्या आणि वाणी-वाणिणीच्या बाहुल्या बसतात. मैलापूरला कपालेश्वर देवळाभोवतीच्या रस्त्यांवर त्यांचा बाजार भरतो. बाहुली मांडताना आजी तिची गोष्ट सांगते, संध्याकाळी आलेल्या प्रत्येकाला सुंडल (हरभऱ्याची उसळ) द्यायचे काम मुलांकडे असते. अतिथीला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे तिथे शब्दांवाचून कळते. मार्गळी महिन्यात (डिसेंबर-जानेवारी) पहाटे संतकवयित्री आंडाळच्या ‘तिरुप्पावै’ या काव्याच्या ३० पदांचे पठण चालते. मुलांच्या पाठांतर स्पर्धाही होतात.

या जगाला एक मराठी धागाही आहे. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. रामदासी मठ तिथे स्थापन झाले आणि मराठी कीर्तनही रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतर यांनी त्या कीर्तनाच्या धर्तीवर तमिळ हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद त्या हरिकथेत आजही गायले जातात. मद्रासमध्ये सी. सरस्वतीबाई यांनी स्त्रियांना मज्जाव असलेल्या या व्यासपीठावर उभे राहून ती गाजवली.

टीका आणि नवी रूपे : आत्तिचूडीतले सगळेच जपण्याजोगे नाही. स्त्रीच्या बोलण्याला भुलू नये, अशा अर्थाचे एक सूत्र तिच्यात आहे. एका स्त्रीच्याच नावावर असलेले हे सूत्र अनेकांना खुपले. ओसरीवरच्या शाळांत दलित मुलांना स्थान नव्हते. ज्या नीतिपाठात देण्याचा एवढा गौरव, तोच पाठ त्यांना नाकारला गेला. थिऑसॉफिस्ट कर्नल ऑल्कट यांनी १८९४ मध्ये अड्यारला अशा मुलांसाठी मोफत शाळा काढली, ती या अन्यायाची जाणीव होऊनच.

खरे उत्तर कवीकडून आले. सुब्रह्मण्य भारती (१८८२–१९२१) यांनी त्याच साच्यात, वर्णमालेच्याच क्रमाने ११० सूत्रांची ‘पुदिय आत्तिचूडी’ (नवी आत्तिचूडी) लिहिली. अव्वै सत्कर्माच्या इच्छेपासून सुरुवात करते, भारती भीती टाकण्यापासून. ती राग शमवायला सांगते, हे अन्यायाविरुद्ध रौद्र होण्याचा सराव करायला सांगतात. ती युद्धाचा धंदा नको म्हणते, हे युद्धकला शिका म्हणतात. ती बेताने खा म्हणते, हे पोटभर खाण्याची आवड धरा म्हणतात. स्त्रीविषयीच्या सूत्राच्या जागी भारतींनी स्त्रीला उंचवावे, असे लिहिले. पारतंत्र्यात वाकलेल्या, अर्धपोटी मुलाला वेगळी नीती लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या वंदनातही बदल आहे. शिव, क्षीरसागरातला विष्णू, महंमद पैगंबरांना ज्ञान देणारा, येशूचा पिता अशी वेगवेगळ्या धर्मांतली रूपे सांगून ते सारे एकच परतत्त्व असल्याचे ते म्हणतात. भारतींचे अखेरचे दिवस चेन्नईच्या ट्रिप्लिकेन भागात गेले. त्यांचे शिष्य भारतीदासन यांनीही पुढे आपली आत्तिचूडी रचली.

सद्यःस्थिती : १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मरीना किनाऱ्यावर उभारलेल्या पुतळ्यांत अव्वैयार आहे, आणि भारती व भारतीदासनही आहेत. नुंगम्बाक्कमच्या वळ्ळुवर कोट्टम (१९७६) या स्मारकात वळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’ या तमिळ नीतिकाव्याचे १,३३० द्विपदी श्लोक (कुरळ) कोरले आहेत. हे कुरळ शहराच्या बसगाड्यांतही लिहिलेले दिसतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१६ मध्ये सहावी ते बारावीच्या वर्गांत कुरळचे धर्म व अर्थ हे भाग शिकवण्याचा आदेश दिला. म्हणजे अव्वैकडून सुरू झालेला नीतिपाठ मोठेपणी वळ्ळुवरांकडे जातो.

मूल्यमापन : मराठीत या रचनेच्या जवळ जाणारे ‘मनाचे श्लोक’ आहेत. २०५ श्लोकांचे ते काव्य मुले पाठ करतात, परंतु त्यातले संबोधन कळत्या मनाला आहे. आत्तिचूडी अजून लिहूही न येणाऱ्या मुलाशी बोलते. पाठांतराने माणूस सज्जन होत नाही, हा आक्षेप दोन्हींना लागू पडतो आणि तो खराही आहे. चेन्नईच्या परंपरेचे उत्तर असे की सूत्र एकटे सोडू नये. सूत्राबरोबर गोष्ट, गोष्टीबरोबर मुलाच्या हाताला काम आणि कालबाह्य झालेले सूत्र बदलण्याचे धैर्य, या तिन्ही गोष्टी तिथे होत्या, म्हणून ही सूत्रमाला टिकली. जुने न बदलता रेटणे आणि जुने सरसकट टाकून देणे या दोन्ही टोकांकडे झुकणाऱ्या आजच्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. साने गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी कुरळ मराठीत आणला. शेजारच्या भाषेतले चांगले ते आपल्या मुलांना द्यावे, हीच त्यांची आंतरभारतीची कल्पना होती. मराठी बालवाड्यांनी अव्वैची आणि भारतींची अशा दोन्ही आत्तिचूड्या शेजारी शेजारी ठेवून मुलांना ऐकवाव्यात.