घटस्फोटानंतरची मालमत्ता विभागणी

घटस्फोटानंतरची मालमत्ता विभागणी म्हणजे विवाह कायद्याने संपुष्टात आल्यावर पती-पत्नींमधील स्थावर व जंगम मालमत्ता, दागिने आणि घरगुती वस्तू यांवरील हक्क निश्चित करण्याची प्रक्रिया होय. पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली असलेले गोवा, दमण व दीव हे प्रदेश वगळता भारतात विवाहामुळे दोघांची मालमत्ता आपोआप सामाईक होत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील न्यायालयासमोर "संसार निम्मा-निम्मा कसा वाटावा" हा प्रश्न सहसा नसतो; "कोणती वस्तू कोणाची, आणि ते सिद्ध कसे होते" हा असतो. अशा वादांचा निकाल म्हणूनच बहुतांशी पुराव्यावर अवलंबून राहतो.

स्त्रीधनाची संकल्पना

स्त्रीच्या स्वतंत्र मालकीच्या धनाला धर्मशास्त्रात स्त्रीधन म्हटले आहे. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : विवाहाग्नीसमोर दिलेले (अध्यग्नी), सासरी जाताना मिळालेले (अध्यावाहनिक), प्रेमाने दिलेले (प्रीतिदत्त), तसेच भाऊ, आई व वडील यांनी दिलेले. मिताक्षरा या टीकाग्रंथात विज्ञानेश्वराने या संकल्पनेची व्याप्ती वाढविली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्रीला तिच्या ताब्यातील मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली. माहेरच्यांनी दिलेले दागिने, आंदण व रुखवतातील वस्तू यांप्रमाणेच सासरच्यांनी वधूला दिलेल्या भेटीही स्त्रीधनात मोडतात.

कायदेशीर तरतुदी

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील कलम २७ नुसार, विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या मालमत्तेबाबत न्यायालय हुकूमनाम्यात योग्य ती तरतूद करू शकते. विवाहानंतर पतीने स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर या कलमाखाली येत नाही. पत्नीची आर्थिक परिस्थिती विचारात घेऊन कायमस्वरूपी पोटगी देण्याची तरतूद कलम २५ मध्ये आहे. परंतु पोटगी म्हणजे मालमत्तेतील हिस्सा नव्हे.

पारशी विवाह व घटस्फोट कायदा, १९३६ च्या कलम ४२ मध्ये संयुक्त भेटवस्तूंविषयी अशीच तरतूद आहे. मुस्लीम घटस्फोटित स्त्रीला १९८६ च्या कायद्याच्या कलम ३ नुसार मेहेर, तसेच विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी व नंतर नातेवाईक, मित्र अथवा पती यांनी दिलेली मालमत्ता मागता येते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १९ अन्वये दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ च्या कलम ६ नुसार वधूव्यतिरिक्त अन्य कोणी स्वीकारलेला हुंडा तीन महिन्यांत तिच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे.

महत्त्वाचे न्यायनिर्णय

* प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार (१९८५) : सासरी राहायला गेल्याने स्त्रीधन पती-पत्नींचे संयुक्त होत नाही, पती किंवा सासरची मंडळी केवळ विश्वस्त असतात आणि मागणी करूनही ते परत न केल्यास फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने दिला.
* कदम विरुद्ध कदम (१९९७) : मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने कलम २७ मधील शब्दांचा अर्थ व्यापक केला. भेट विवाहापूर्वी वा नंतर दिलेली असली, तरी तिचा विवाहाशी संबंध असल्यास ती या कलमात येते.
* २०२४ मधील केरळचा खटला : लग्नात मिळालेले ८९ पवन सोने सासरी दिलेल्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. स्त्रीधन ही स्त्रीची संपूर्ण मालमत्ता असून, अशा दिवाणी वादात संशयातीत पुराव्याची अपेक्षा न ठेवता शक्याशक्यतेच्या तौलनिक कसोटीवर निर्णय द्यावा, हे तत्त्व न्यायालयाने अधोरेखित केले.

पुराव्याचे प्रश्न

लग्नातील देवाणघेवाणीची "यादी" करण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. तथापि १९८५ च्या नियमांना अभिप्रेत असलेली यादी वेगळी आहे. त्या नियमांनुसार वधू व वर यांना मिळालेल्या भेटींच्या स्वतंत्र लेखी याद्या कराव्या लागतात. त्यांत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते नमूद करून दोघांनी स्वाक्षऱ्या करणे अपेक्षित आहे. यादी नसल्यास सराफाच्या पावत्या, लग्नातील छायाचित्रे, बँक लॉकरच्या नोंदी आणि नातेवाइकांची साक्ष यांवर भिस्त ठेवावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असून "रजतनगरी" म्हणून ओळखले जाते. अशा भागात लग्नातील भेटींमध्ये सोन्याबरोबर समया, ताटे, वाट्या, तांब्या-भांडे आणि पैंजण अशा चांदीच्या वस्तूंचाही समावेश होतो. जुनी वस्तू मोडीत देऊन नवी घडविली, की मूळ वस्तूची ओळख नाहीशी होते. पावती माहेरच्या नावाची आणि नवी वस्तू पतीने आणलेली, अशा स्थितीत मालकी सिद्ध करणे कठीण जाते. वजन, मोडीची रक्कम व वरून भरलेली रक्कम स्वतंत्रपणे दाखविणारी पावती येथे निर्णायक ठरू शकते.

घर व शेतजमीन

घर किंवा शेत ज्याच्या नावे खरेदी झाले तो प्रथमदर्शनी मालक मानला जातो. दोघांच्या नावे असलेल्या घराबाबत वाटपाचा दावा करता येतो. पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यातील अपवादात बसते. त्यामुळे "पैसा माझा" हा युक्तिवाद अशा वादांत वारंवार पुढे येतो. घरकामाच्या रूपाने पत्नीने दिलेले योगदान मान्य करून तिला निम्मा हिस्सा देणारा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. मात्र तो महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही.

विदर्भासारख्या शेतीप्रधान भागात सातबारा सहसा पुरुषाच्या नावे असल्याने वर्षानुवर्षे शेतात राबलेल्या स्त्रीजवळ घटस्फोटाच्या वेळी मालकीचा कागद नसतो. या वस्तुस्थितीकडे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने "लक्ष्मीमुक्ती" कार्यक्रमाद्वारे लक्ष वेधले. शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करावी, असे आवाहन त्यात होते. पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने सातबारावर पत्नीचे नाव लावण्यासंबंधी निर्णय काढला. तरीही सातबारा हा महसुली अभिलेख आहे. केवळ त्यावरील नोंदीने मालकी निर्माण होत नाही.

गोव्यातील पद्धती

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धती प्रचलित आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि घटस्फोट झाल्यावर प्रत्येकास निम्मा हिस्सा मिळतो. एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. वाटणीसाठी मालमत्तेची व देण्यांची मोजदाद करणारी इन्व्हेंटरी प्रक्रिया असते. तिचे नियमन २०१२ च्या राज्य कायद्याने केले आहे.

न्यायालयीन प्रक्रिया

कौटुंबिक न्यायालय असलेल्या ठिकाणी, कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ च्या कलम ७ नुसार पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद त्याच न्यायालयात चालतात. अन्यत्र महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे दाखल होतात. बुलढाणा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटात वस्तूंची देवाणघेवाण तडजोडपत्रात नोंदविली जाते. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, वजन व स्वाधीन करण्याची तारीख नसल्यास नवा वाद उद्भवण्याची शक्यता राहते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार व मालमत्ता यांविषयीच्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे.

प्रस्तावित सुधारणा

विवाह कायदे (सुधारणा) विधेयक, २०१० मध्ये, विवाह सावरण्यापलीकडे तुटल्याच्या कारणावरून घटस्फोट झाल्यास पत्नीला पतीच्या मालमत्तेतून वाटा देण्याची तरतूद सुचविण्यात आली. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. लोकसभेत ते संमत होण्यापूर्वीच २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले.