गुन्हा नोंदवला, पुढे काय? सरकारी वकील खटला कसा चालवतात?

"आपल्या शहरात गुन्हे दुपटीने वाढले!", "पोलिसांनी पकडलं आणि कोर्टाने सोडलं!" असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. ते पुढे पाठवण्याआधी त्यामागची प्रक्रिया समजून घेऊया. उद्या आपल्यावर किंवा घरातल्या कोणावर वेळ आली, तर ही माहिती उपयोगी पडेल.

गुन्हे वाढले म्हणजे नेमकं काय?

पोलिसांची आकडेवारी 'घडलेल्या' गुन्ह्यांची नसते, ती 'नोंदवलेल्या' गुन्ह्यांची असते. तक्रार देणं सोपं झालं, लोक पुढे येऊ लागले, तरी आकडा वाढतो. उलट ठाण्यातून तक्रारदारांना परत पाठवलं जात असेल, तर कागदावर शहर शांत दिसतं.

दोन शहरांची तुलना करायची असेल, तर एकूण आकडा न पाहता दर एक लाख लोकसंख्येमागचं प्रमाण पाहावं. ५ लाख वस्तीच्या शहरात १,००० गुन्हे म्हणजे दर २००. २० लाखांच्या शहरात २,००० गुन्हे म्हणजे दर फक्त १००. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली, तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) मोजताना त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच धरतो.

तपासानंतर दोन वाटा

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की कलम १७३ नुसार एफआयआर नोंदवावा लागतो. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली, तरी 'झिरो एफआयआर' घ्यावाच लागतो.

तपास संपल्यावर पुरावा असेल तर दोषारोपपत्र दाखल होतं. आरोपी कोठडीत असेल, तर ते गुन्ह्याच्या गंभीरतेनुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल व्हायला हवं. मुदत चुकली, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. "कोर्टाने सोडलं" अशा काही बातम्यांमागे हेच कारण असतं. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला पुढे चालूच राहतो.

पुरावा नसेल, तर पोलीस प्रकरण बंद करण्याचा अहवाल देतात. महाराष्ट्रात त्याला 'समरी' म्हणतात:

- अ समरी: गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. गाडी चोरीच्या अनेक प्रकरणांचा शेवट इथे होतो.
- ब समरी: तक्रार जाणूनबुजून खोटी दिली. यात तक्रारदारावरच कारवाई होऊ शकते.
- क समरी: तक्रार गैरसमजातून दिलेली आहे किंवा वाद मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे.

समरी मान्य करायची की नाही, हे पोलीस ठरवत नाहीत, दंडाधिकारी ठरवतात. त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली भगवंत सिंग प्रकरणात सांगितलं आहे. ही नोटीस आली की दुर्लक्ष करू नका. हरकत घेण्याची हीच वेळ असते.

सरकारी वकील कोणाचा?

दंडाधिकारी न्यायालयात सहायक सरकारी अभियोक्ता खटला चालवतात. महाराष्ट्रात त्यांची भरती एमपीएससीमार्फत होते. सत्र न्यायालयातले सरकारी अभियोक्ता किमान ७ वर्षे वकिली केलेल्यांमधून नेमले जातात.

अनेकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे फिर्यादीचा वकील. तसं नाही. फौजदारी खटला 'राज्य विरुद्ध आरोपी' असा असतो. फिर्यादी त्यात साक्षीदार असतो. सरकारी वकील पोलिसांचाही नोकर नसतो. न्यायालयासमोर खरा पुरावा मांडणं हे त्याचं काम. कसंही करून शिक्षा मिळवणं हे त्याचं काम नाही.

त्याची अडचण अशी की तपास त्याच्या हातात नसतो. पंचनामा ढिला असेल, पंच फितूर झाले किंवा साक्षीदार तारखेला आलेच नाहीत, तर चांगला वकीलही हतबल होतो.

खटला मागे घेता येतो का?

येतो, पण सरकारने आदेश काढला की खटला संपला असं होत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज करायचा आणि न्यायालयाने परवानगी द्यायची, असा नियम आहे. नव्या संहितेच्या कलम ३६० नुसार पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय ही परवानगी देता येत नाही. केरळ विधानसभेतल्या तोडफोडीचा खटला मागे घेण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली होती.

फिर्यादीने काय लक्षात ठेवावं?

- एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.
- ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
- तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.
- सरकारी वकिलाला मदत करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो.
- आरोपी निर्दोष सुटला, तर पीडितालाही अपील करता येतं.
- साक्षीचं समन्स आलं की हजर राहा. पुष्कळ खटले तिथेच जिंकले किंवा हरले जातात.