धंद्याची पदवी, वय आणि हाताचा अनुभव

आपल्या गटांच्या बैठकीत शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, ‘आता या वयात कुठं शिकायचं?’ कॉमर्सची पदवी, बीबीए, एमबीए ही तर पोरांची कामं, असंच आपण धरून चालतो. म्हणून आज आपण बघू या, धंद्याच्या शिक्षणात वय आणि कामाचा अनुभव यांना आजवर कशी किंमत मिळत गेली.

फार पूर्वी धंदा शिकायला कॉलेज नव्हतं. दुकानदाराचा मुलगा गल्ल्याशेजारी बसून शिकायचा, कारागिराचा मुलगा उमेदवारी करून. आधी काम, त्यातूनच ज्ञान. पुढे कारखाने, रेल्वे, बँका वाढल्या आणि हिशेब ठेवणारी, कारभार बघणारी माणसं मोठ्या संख्येने लागू लागली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८८१ साली व्हॉर्टन ही धंद्याचं शिक्षण देणारी संस्था विद्यापीठात सुरू झाली. आपल्या मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं. हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली एमबीए सुरू केलं. या सगळ्या ठिकाणी प्रामुख्याने तरुण मुलगे शिकत. आता आधी पुस्तक आणि मग काम, असा क्रम झाला.

हा क्रम हलला तो दुसऱ्या महायुद्धात. कारखान्यांवर कामाचा ताण होता आणि अनुभवी माणसांना नोकरी सोडून दोन वर्षं वर्गात बसणं शक्य नव्हतं. तेव्हा १९४३ साली शिकागो विद्यापीठाने नोकरी करता करता एमबीए पूर्ण करायची सोय काढली. १९४४ साली अमेरिकेत कायदा झाला आणि लढाईवरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ साली तिथल्या कॉलेजांत दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे हे माजी सैनिक होते. त्यांत लग्न झालेले होते, लेकरंबाळं असलेलेही होते. थोराड माणूस वर्गात बसू शकतो, हे तेव्हा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

अनुभवाचा वर्गात उपयोग काय, असं कोणी विचारेल. एमबीएच्या वर्गात खऱ्या धंद्याची अडचण मांडतात आणि सगळ्यांनी मिळून तिच्यावर चर्चा करतात. समजा, उधारी वसूल होत नाही. ज्याने कधी उधारी दिलीच नाही, तो पुस्तकातलं उत्तर देतो. जिने दिवाळीत पापड-चकली उधारीवर दिली आणि पैशासाठी दारोदार फिरली, तिला ठाऊक असतं की कोणाकडे तगादा लावायचा आणि कोणाला मुदत द्यायची. म्हणूनच आज अमेरिकेतल्या नावाजलेल्या एमबीएला येणारे बहुतेक जण चार-पाच वर्षं काम करून आलेले असतात.

पण यात बायकांचा नंबर फार उशिरा लागला. हार्वर्डच्या एमबीएला दोन्ही वर्षांसाठी स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९६३ साली, म्हणजे सुरुवातीनंतर ५५ वर्षांनी. त्या वर्गात स्त्रिया होत्या फक्त आठ.

आपल्या देशात १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम संस्था सुरू झाल्या. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कामाच्या अनुभवाची सक्ती नाही. प्रवेश परीक्षेत गणित, तर्क आणि इंग्रजी लागतं. त्यामुळे नुकतीच पदवी घेतलेली मुलं तिथे पुष्कळ असतात. अनुभवी लोकांसाठी अहमदाबादला २००६ साली वेगळा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. त्याआधी १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं होतं. घर, शेत, नोकरी सांभाळून शिकायची वाट त्यांनी दाखवली. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी नाशिकने पूर्वतयारीचा शिक्षणक्रमही काढला.

मग आपल्यासारख्यांचा अनुभव मोजला जातो का? याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सापडतं. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका घरी जाऊन रडत बसल्या नाहीत. त्यांनी अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं ते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ साली तिथेच गावच्या बायकांसाठी धंद्याची शाळाही निघाली.

या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. व्याजाचा हिशेब त्यांना बाजाराने शिकवला होता, तो कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. पण अक्षर आल्याशिवाय दार उघडलं नाही. वय वाढलेलं असलं की अडचणीही खऱ्याच असतात. इंग्रजी जड जातं, परीक्षेची सवय गेलेली असते, आणि रात्री भांडी घासून झाल्यावर पुस्तक उघडायला अंगात त्राण लागतं. घरच्यांनी त्या वेळेपुरतं काम वाटून घेतलं नाही, तर हुशारी असूनही शिक्षण सुटतं.

आणखी एक गोष्ट. नोकरी करणाऱ्याला अनुभवाचा दाखला कंपनी देते. दहा वर्षं म्हशी सांभाळून डेअरीला दूध घालणाऱ्या बाईला दाखला कोण देणार? खातं आणि पावत्या नवऱ्याच्या नावावर असल्या, तर तिची दहा वर्षं कागदावर शून्य. म्हणून पुस्तक उघडायच्या आधीच एक काम करू या. डेअरीचं खातं, धंद्याची उद्यम नोंदणी, बँकेचं पासबुक आपल्या नावावर करून घेऊ. गटाची अध्यक्ष किंवा सचिव म्हणून किती वर्षं काम केलं, ते ठरावाच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवू.

प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात. तेव्हा जवळच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात प्रत्यक्ष जाऊन विचारा. एकटीला संकोच वाटला, तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. जाताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला विसरू नका.