बंब, चूल आणि गिझर

वर्धा म्हटले की बाहेरच्या माणसाला इथला उन्हाळा आठवतो. या गावात पाणी तापवण्याचा कसला इतिहास, असे कुणी विचारील. पण पौषातली पहाट ज्याने इथे काढली आहे, तो असे विचारणार नाही. शिवाय घरातली आग धुराविना कशी वापरावी, याचा आपल्या देशातला एक सुरुवातीचा प्रयत्न वर्ध्यातच झाला.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी. आगगाडीच्या जुन्या इंजिनाच्या बॉयलरचे तत्त्वही हेच. जाळ पाण्याच्या पोटातच असल्याने थोड्या पऱ्हाट्या-तुराट्यांत काम भागे. पण तो पेटवायला आई सर्वांच्या आधी उठे, आणि धूर तिच्याच डोळ्यांत जाई. कढत पाण्याची ही किंमत घरोघरी बायकांनीच मोजली.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. याच मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. बंदिस्त मातीची चूल, एका जाळावर अनेक भांडी आणि धूर बाहेर नेणारे धुराडे. मागच्या तोंडावर आंघोळीचे पाणीही ठेवता येई. पुढे १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले, तर १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला.

गिझरचा इतिहासही धुराड्यापाशीच अडतो. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र केले आणि आइसलँडमधल्या उष्ण झऱ्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिले. त्याला धुराडेच नव्हते! आजही गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावला, तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबून सावध करी. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेरच लावावा, आणि त्याच्या वायूंना मोकळी वाट ठेवावी.

विजेच्या गिझरला हे भय नाही. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.२ युनिट वीज लागते. दोन किलोवॉटच्या गिझरला सुमारे ३५ मिनिटे. घेताना आयएसआय खूण पाहावी, अर्थिंग तपासून घ्यावे. विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असेल, तर तापल्यावर त्यातला चुना कॉइलवर बसतो. थर वाढला की वीज जास्त जाते आणि कॉइल जळते. म्हणून जाणकाराकडून वर्षातून एकदा टाकी धुऊन घ्यावी आणि आतली मॅग्नेशियमची कांडी पाहून घ्यावी. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. सुरक्षा झडप मात्र कधीही बंद करू नये. हिटरची सळई वापरणाऱ्यांनी आधी बटण बंद करून प्लग काढावा, मगच पाण्याला हात लावावा.

ज्यांची गच्ची मोकळी आहे, त्यांनी सौर बंबाचा विचार अवश्य करावा. ज्या उन्हाला आपण वर्धेकर एवढी नावे ठेवतो, तेच ऊन हिवाळ्यात धुराविना पाणी तापवून देते. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांपुरती दुसरी सोय ठेवली, की झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)